जुन्या इंग्रजी अल्मनॅकचं गणित : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोळाव्या ते अठराव्या शतकातल्या इंग्रजी अल्मनॅकबद्दल वाचकांचे तेच तेच प्रश्न येत राहतात. ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, किचकट नंतर. एखाद्या उत्तराचा धागा दुसरीकडे असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. या अल्मनॅकमध्ये नेमकं असायचं काय?

खिशात मावेल अशी छोटी पुस्तिका, किंमत साधारण दोन पेन्स. पहिल्या भागात बारा महिन्यांचं कॅलेंडर : वार, सणवार, चंद्राची राशी, अमावास्या-पौर्णिमा, सूर्योदय-सूर्यास्त. दुसऱ्या भागात वर्षाचं भविष्य : हवामान, रोगराई, ग्रहणं आणि त्यांची फळं. सोबत जत्रांच्या तारखा, कोर्टाची सत्रं, रस्त्यांची अंतरं, राजांची यादी आणि जगाच्या उत्पत्तीपासून किती वर्षं झाली त्याचा हिशेब. बहुतेकांत एका उघड्या माणसाचं चित्र असायचं. त्याच्या डोक्यावर मेष, मानेवर वृषभ, असं करत पावलांवर मीन. चंद्र ज्या राशीत, त्या अवयवाचं रक्त काढायचं नाही, हा त्याचा उपयोग. भिंतीला चिकटवायची एकपानी आवृत्तीही मिळायची.

काहींत कोरी पानं घातलेली असत. लोक त्यांवर उधारी, गाय कधी व्याली, कोण वारलं हे टिपून ठेवत. ऑक्सफर्डच्या अँथनी वुडची प्रसिद्ध रोजनिशी अशाच अल्मनॅकांच्या कोऱ्या पानांवर लिहिलेली आहे. मला विचाराल तर छापील मजकुरापेक्षा या पानांतूनच त्या काळाबद्दल जास्त कळतं.

२. छापायचं कोण आणि खप किती होता?

१६०३ मध्ये पहिल्या जेम्स राजाने लंडनच्या स्टेशनर्स कंपनीला मक्ता दिला. ही पुस्तकविक्रेते आणि मुद्रकांची संघटना. दर नोव्हेंबरात पुढच्या वर्षाचे अल्मनॅक बाजारात यायचे. १६६० च्या दशकात वर्षाला सुमारे ४ लाख प्रती खपत, म्हणजे अंदाजे दर तीन कुटुंबांमागे एक. असा खप फार थोड्या पुस्तकांना होता.

थॉमस कार्नन नावाच्या पुस्तकविक्रेत्याने कोर्टात लढून १७७५ मध्ये हा मक्ता मोडला. १७७९ मध्ये तो परत मिळवण्याचं विधेयक पार्लमेंटात आलं आणि पडलं. सरकारचं लक्ष मात्र सुटलं नाही. १७११ पासून अल्मनॅकवर स्टॅम्प ड्युटी होती, ती १८३४ पर्यंत राहिली.

३. म्हणजे आपलं पंचांगच की! फरक काय?

काम सारखंच, मांडणी वेगळी. पंचांगात तिथी हा कालगणनेचा पाया, धर्मकृत्यं तिच्यावर चालतात. इंग्रजांची तारीख सौर. चंद्र लागायचा तो ईस्टर ठरवायला, भरतीसाठी आणि वैद्यकीला.

दुसरा फरक राशीचा. इंग्रजी अल्मनॅक सायन. सूर्य वसंतसंपाताला (मार्चमध्ये दिवस-रात्र समान होतात त्या बिंदूला) आला की त्यांची मेष रास सुरू. सतराव्या शतकात तो दिवस त्यांच्या कॅलेंडरात १० मार्चच्या आसपास येई (१० च का, ते प्रश्न ८ मध्ये). आपली रास निरयन, म्हणजे स्थिर ताऱ्यांवरून मोजलेली, म्हणून आपली मेषसंक्रांत त्यानंतरची. म्हणून जुन्या अल्मनॅकमधली चंद्राची राशी पंचांगाशी जुळत नाही, यात चूक कोणाचीच नाही.

गणित करायची वृत्ती मात्र जुळते. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० मध्ये ‘ग्रहलाघव’ रचलं ते ज्या-कोज्यांची (साइन-कोसाइनची) भानगड टाळून साध्या गुणाकार-भागाकारात ग्रह काढता यावेत म्हणून. इंग्रज अल्मनॅकवाल्यांचीही गरज हीच होती. आयतं कोष्टक, थोडी आकडेमोड, वेळेत छपाई.

४. ग्रहांची स्थानं काढायला हे लोक स्वतः आकाश बघायचे का?

बहुतेक जण नाही. सोळाव्या शतकातला रिवाज म्हणजे युरोपात छापलेली दैनंदिन ग्रहस्थितीची पुस्तकं घ्यायची आणि लंडनसाठी वेळ बदलायची. डेव्हिड ओरिगानुस हा ओडर नदीकाठच्या फ्रँकफर्टचा प्राध्यापक. त्याचं पुस्तक पुढ्यात असेल, तर रेखांशाच्या दर अंशाला ४ मिनिटं या हिशेबाने लंडनची वेळ जवळपास तासभर मागे घ्यावी लागे. त्यातच युरोपची तारीख नवी आणि इंग्लंडची जुनी (प्रश्न ८). एवढ्या बदलात घोळ व्हायला कितीसा वेळ लागतो!

या पुस्तकांमागे असत कोष्टकं. आधी तेराव्या शतकातली स्पेनची आल्फॉन्सीन. मग कोपर्निकसच्या पद्धतीवर एरास्मुस राइनहोल्डने रचलेली १५५१ ची प्रुटेनिक. मग केप्लरची १६२७ ची रुडॉल्फाइन. ही शेवटची आली तेव्हा खरा फरक पडला. १६३१ मध्ये गॅसेंडी या फ्रेंच ज्योतिर्विदाने पॅरिसहून सूर्यबिंबावरून सरकणारा बुध पाहिला, तेव्हा जुन्या कोष्टकांची चूक सुमारे ५ अंशांची निघाली. केप्लरची चूक होती अंशाच्या एका लहान भागाएवढीच.

सतराव्या शतकाच्या मध्यापासून मात्र स्वतःची कोष्टकं रचणारे अल्मनॅकवालेही दिसतात. व्हिन्सेंट विंग हा रटलंड परगण्यातला जमिनीचा मोजणीदार. थॉमस स्ट्रीट हा त्याचा प्रतिस्पर्धी. दोघांनी केप्लरची लंबवर्तुळं घेतली, पण ठरावीक वेळी ग्रह कक्षेत कुठे असेल ते सांगणारं केप्लरचं समीकरण सरळ सुटत नाही म्हणून स्ट्रीटने एक आडवाट धरली. सूर्य एका नाभीत असला, तरी रिकाम्या दुसऱ्या नाभीतून पाहिल्यास ग्रह जवळपास एकसारख्या कोनीय गतीने फिरतो असं मानायचं आणि वर थोडी दुरुस्ती करायची. तत्त्वाने चूक, व्यवहारात पुष्कळच बरोबर. केंब्रिजच्या तरुण न्यूटनने ग्रहगणित वाचलं ते स्ट्रीटच्या १६६१ च्या पुस्तकातून. दोन पेन्सच्या पुस्तिकांच्या दुनियेतला माणूस थेट न्यूटनच्या टेबलावर पोचला, हे सहसा कोणी सांगत नाही.

५. ‘लंडनच्या याम्योत्तरासाठी (रेखावृत्तासाठी) गणित केलेले’ असं मुखपृष्ठावर का लिहीत?

कारण सूर्योदय गावागणिक बदलतो. याचं गणित आपल्याकडच्या ‘चर’ संस्कारासारखंच (अक्षांशानुसार सूर्योदयाच्या वेळेत करायच्या दुरुस्तीसारखंच) आहे. अक्षांश आणि सूर्याची क्रांती (विषुववृत्तापासूनचं त्याचं कोनीय अंतर), दोन्हींच्या टॅन्जंटचा गुणाकार करा. ज्या कोनाचा साइन तेवढा येतो, तो कोन घ्या. दर १५ अंशांना एक तास धरा.

लंडनचा अक्षांश ५१ अंश ३२ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग), मोठ्यात मोठ्या दिवशी क्रांती साडेतेवीस अंश. कोन येतो ३३ अंशांच्या किंचित वर, म्हणजे २ तास १३ मिनिटं. तेवढी सहातून वजा केली की सूर्योदय ३ वाजून ४७ मिनिटांनी, सहात मिळवली की सूर्यास्त ८ वाजून १३ मिनिटांनी. हेच एडिंबरोसाठी केलं तर सूर्योदय ३:२० च्या आसपास येतो, आणि मुंबईसाठी केलं तर चर भरतं जेमतेम ३४ मिनिटं. मुखपृष्ठावर ‘बहुतेक सगळ्या ब्रिटनला चालेल’ असंही लिहिलेलं असे. अर्ध्या तासाची चूक चालत असेल, तर चालेल.

या वेळा सूर्यतबकडीच्या आहेत, रेल्वेच्या नव्हेत. लंबकाची घड्याळं १६५६ नंतर आली. मग तबकडी आणि घड्याळ यांच्यातला फरक दाखवणारं वेगळं कोष्टक अल्मनॅकमध्ये येऊ लागलं.

६. कोष्टक न उघडता चंद्राचं वय काढायची युक्ती होती म्हणे. ती सांगाल?

होती, आणि या साऱ्या विषयातली माझी सर्वांत आवडती गोष्ट हीच. तीन पायऱ्या आहेत :

सनाला १९ ने भागा, बाकीत १ मिळवा. हा ‘गोल्डन नंबर’. १९ वर्षांनी चंद्राच्या कला त्याच तारखांना परत येतात, त्यावर हा आधारलेला.

गोल्डन नंबरला ११ ने गुणा, ३० ने भागा. बाकी म्हणजे त्या वर्षाचा ‘एपॅक्ट’. सौर वर्ष चांद्र वर्षापेक्षा ११ दिवसांनी मोठं, म्हणून ११.

एपॅक्टमध्ये मार्च धरून पुढचे महिने आणि तारीख मिळवा. ३० च्या वर गेलं तर ३० वजा करा. उरलं ते चंद्राचं वय, म्हणजे अमावास्येपासून झालेले दिवस.

उदाहरण घेऊ लंडनच्या महाआगीचं, २ सप्टेंबर १६६६. सनाला १९ ने भागून बाकी १३, म्हणून गोल्डन नंबर १४. चौदा अकरं १५४, ३० ने भागून बाकी ४. मार्च ते सप्टेंबर महिने ७, तारीख २. चार, सात आणि दोन मिळून तेरा. चंद्र तेरा दिवसांचा, म्हणजे पौर्णिमा तोंडावर. आजच्या गणिताने तपासलं तरी त्या दिवशी चंद्राचं वय तेरा दिवसांच्या थोडंसंच वर येतं. आग पेटली त्या रात्री आकाशात जवळजवळ पूर्ण चंद्र होता.

जानेवारी-फेब्रुवारीची खोच लक्षात ठेवा. एपॅक्ट १ मार्चला बदलतो. या दोन महिन्यांसाठी आदल्या वर्षाचा एपॅक्ट घ्यायचा आणि महिने धरायचे ११ आणि १२. हा नियम फक्त जुन्या, ज्युलियन तारखांना लागतो. आजच्या तारखेला लावलात तर उत्तर भलतंच येईल. (एका दिवसाचा फरक पडतो त्याबद्दल प्रश्न १५.)

७. भरतीची वेळ कशी काढत?

चंद्राच्या वयाला ४ ने गुणून ५ ने भागायचं. चंद्र डोक्यावरून, म्हणजे दक्षिणेकडून, किती वाजता जाईल ते तासांत मिळतं. त्यात बंदराचा ठरलेला आकडा मिळवायचा. लंडन ब्रिजसाठी तो ३ तास.

वरच्याच तारखेला तेरा चोक बावन्न, भागिले पाच, म्हणजे रात्री १०:२४. त्यात तीन तास मिळवले की मध्यरात्रीनंतर १:२४ ला भरती, आणि त्याआधीची दुपारी एकच्या सुमाराला.

आपल्या किनाऱ्यावरचा हिशेब आठवला असेलच. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ : चतुर्थीला ३, अष्टमीला ६. टेम्सवर दिवसाला ४८ मिनिटं धरत, कोकणात ४५. मुंबईत अमावास्येला भरती बाराच्या आसपास येते, म्हणून आपल्याला वर काही मिळवावं लागत नाही. दोन्ही नियम एकमेकांकडून घेतलेले नाहीत. समुद्राने दोघांना तेच शिकवलं.

८. फ्रान्सची तारीख आणि इंग्लंडची तारीख दहा दिवसांनी वेगळी कशी?

पोप तेराव्या ग्रेगरीने १५८२ मध्ये कॅलेंडर सुधारलं, प्रोटेस्टंट इंग्लंडने ते घेतलं नाही. फरक आधी १० दिवसांचा होता, म्हणून वसंतसंपाताचा नवा २० मार्च इंग्लंडमध्ये १० मार्च. इंग्लंडने १७०० हे लीप वर्ष धरलं, नव्या पद्धतीत ते नव्हतं, म्हणून मग ११ दिवसांचा झाला. व्यापाऱ्यांची पंचाईत नको म्हणून पुष्कळ अल्मनॅक दोन्ही तारखा शेजारी शेजारी छापत. शेवटी १७५२ मध्ये २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर आला.

९. पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद ३० जानेवारी १६४८ ला झाला की १६४९ ला?

दोन्ही बरोबर. इंग्लंडमध्ये कायद्याने वर्ष २५ मार्चला सुरू होई, म्हणून त्या काळच्या सरकारी कागदांत १६४८. अल्मनॅक मात्र १ जानेवारीपासूनच छापले जात, म्हणून ज्या अल्मनॅकवर १६४९ लिहिलंय त्यातच हा दिवस सापडेल. जाणकार लोक १६४८/९ असं जोडून लिहीत. जुनी कागदपत्रं चाळताना जानेवारी ते २४ मार्चची तारीख दिसली की थांबून विचार करा.

१०. ‘१२ मार्च, १४ तास’ अशी वेळ दिसली. हे दुपारचे दोन का?

नाही, मध्यरात्रीनंतरचे दोन, आणि व्यवहारातली तारीख १३ मार्च. ज्योतिर्गणिती लोकांचा दिवस मध्यान्हीला सुरू होई, म्हणजे रात्रभराची निरीक्षणं एकाच तारखेखाली पडत. ग्रहणं आणि युती यांच्या वेळा पुष्कळदा अशाच दिलेल्या असतात. ही पद्धत १९२५ पर्यंत टिकली.

११. ग्रहणांची भाकितं बरोबर निघायची का?

ग्रहण कधी, हे बहुधा बरोबर. कुठे किती दिसेल, हे अवघड. आणि त्याने काय होईल, ते सोडूनच द्या.

२९ मार्च १६५२ चं सूर्यग्रहण बघा. विल्यम लिली आणि निकोलस कल्पेपर या ज्योतिष्यांनी आधीपासून असं काही रंगवलं की लंडनकरांनी कामं सोडली आणि दारं-खिडक्या लावून घेतल्या. स्कॉटलंडच्या काही भागात खरंच खग्रास होतं, तिथे तो ‘अंधारा सोमवार’ लोकांच्या आठवणीत राहिला. लंडनला ग्रहण खंडग्रास. सकाळ उजेडातच गेली आणि ज्योतिषांची यथेच्छ टर उडवली गेली. लक्षात घ्या, दिवस आणि वेळ बरोबरच होते. फसलं ते फलित.

खग्रास पट्टा नकाशावर काढून लोकांना आधीच विकायचं काम एडमंड हॅलीने २२ एप्रिल १७१५ च्या ग्रहणासाठी केलं. वेळेतली चूक ४ मिनिटांच्या आसपास निघाली. त्यामागे न्यूटनचा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्त होता, जो लिलीच्या पिढीकडे नव्हता.

१२. हे लोक पृथ्वी मध्ये मानायचे की सूर्य?

एकच उत्तर नाही. १५५७ सालासाठी जॉन फील्डने कोपर्निकस आणि राइनहोल्डच्या आधारे ग्रहस्थिती छापली, तिला जॉन डीची प्रस्तावना होती. १५७६ मध्ये थॉमस डिगेसने वडिलांच्या लोकप्रिय भविष्यपुस्तिकेला कोपर्निकसच्या विश्वाचं वर्णन जोडलं आणि आकृतीत तारे एका गोलावर न ठेवता बाहेर अनंतात पसरवले. इंग्रजी वाचकाला सूर्यकेंद्री विश्व भेटलं ते अशा हवामानाच्या पुस्तिकेच्या शेपटाला!

पण कोपर्निकसचं कोष्टक वापरणं म्हणजे पृथ्वी फिरते असं मानणं नव्हे. अल्मनॅकला हवं असतं ते पृथ्वीवरून दिसणारं स्थान. मधोमध कोणाला ठेवलंय याच्याशी गिऱ्हाइकाला देणंघेणं नव्हतं.

१३. लिलीने लंडनची आग आधीच सांगितली होती, हे खरं का?

त्याने १६५१ च्या एका पुस्तिकेत जळत्या शहराचं चित्र छापलं होतं, एवढं खरं. साल-तारीख दिली नव्हती. १६६६ च्या ऑक्टोबरात पार्लमेंटच्या कॉमन्स सभागृहाच्या समितीने त्याला बोलावून विचारलं, तेव्हा तारखेचा शोध आपण घेतलाच नव्हता असं सांगून तो सुटला.

गंमत वेगळीच आहे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये राजाविरुद्धचा एक कट उघडकीस आला. ‘लंडन गॅझेट’च्या बातमीप्रमाणे कटवाल्यांनी लिलीचा अल्मनॅक बघून शुभ दिवस काढला होता : ३ सप्टेंबर. आग पेटली २ तारखेला. संशयाला आणखी काय लागतं?

अशा भाकितांची सगळ्यांत सुरेख खिल्ली जोनाथन स्विफ्टने उडवली. टोपणनाव घेऊन त्याने जाहीर केलं की अल्मनॅकवाला जॉन पार्ट्रिज २९ मार्च १७०८ ला मरणार, आणि नंतर तो मेल्याची बातमीही छापली. बिचारा पार्ट्रिज आपण जिवंत आहोत हे छापून सांगत राहिला.

१४. या सगळ्याचा भारताशी काही संबंध?

दोन ठिकाणी थेट.

जेरेमी शेकर्ली हा लँकाशरचा तरुण गणिती. लिलीच्या ओळखीवर उभा राहिला, अल्मनॅक लिहिला, विंगच्या सुरुवातीच्या पुस्तकातल्या चुका जाहीरपणे काढल्या. बुधाचं अधिक्रमण (बुधाचं सूर्यबिंबावरून सरकणं) १६५१ मध्ये होणार आणि ते इंग्लंडमधून दिसणार नाही, हे त्याने गणिताने काढलं होतं. त्या वर्षीच्या २४ ऑक्टोबरला (नव्या पद्धतीने ३ नोव्हेंबर) त्याने ते पाहिलं ते सुरतेहून. शिवाजी महाराजांनी ज्या सुरतेवर १६६४ मध्ये छापा घातला, तिथेच तेरा वर्षं आधी एक अल्मनॅकवाला सूर्यबिंबावरचा ठिपका न्याहाळत बसला होता. तो भारतातच वारला.

दुसरा दुवा ‘नॉटिकल अल्मनॅक’. नेव्हिल मॅस्कलाइनने १७६७ सालापासून तो सुरू केला, समुद्रावर चंद्रावरून रेखांश काढता यावा म्हणून. त्यात भविष्य शून्य. घरोघरी बसलेले गणक तेच गणित दोनदा स्वतंत्रपणे करत, तिसरा पडताळून बघे. एकदा दोन गणकांनी एकमेकांचं उतरवल्याचं पकडलं गेलं आणि दोघांना काढलं. पुढे केरोपंत छत्र्यांनी १८६५ च्या सुमारास पटवर्धनी पंचांग सुरू केलं, ते याच ‘नॉटिकल अल्मनॅक’च्या आकड्यांवर. दृक्प्रत्ययाला उतरणारं, म्हणजे प्रत्यक्ष आकाशाशी जुळणारं पंचांग हवं की ग्रहलाघवी, हा आपल्याकडचा वाद तिथूनच तापला.

१५. एपॅक्टने काढलेली अमावास्या आणि अल्मनॅकमध्ये छापलेली अमावास्या जुळत नाही. चुकलं कोण?

बहुधा कोणीच नाही. एपॅक्ट चंद्राला एकसारख्या चालीने चालवतो आणि महिना ३० दिवसांचा धरतो. खरा चंद्र कधी भरभर जातो, कधी रेंगाळतो, आणि महिना असतो साडेएकोणतीस दिवसांचा.

प्रश्न ११ मधलंच ग्रहण घ्या. १६५२ चा गोल्डन नंबर १९, एपॅक्ट २९. मार्चचा १, तारीख २९. बेरीज ५९, तीस वजा जाता २९. नियमाने अमावास्या अजून एक दिवस दूर, आणि बाहेर तर सूर्याला ग्रहण लागलेलं! म्हणून एका दिवसाचा फरक आला तर छापील वेळच धरा, कारण ती कोष्टकांवरून काढलेली असते. फरक दहा-अकरा दिवसांचा आला, तर नव्या-जुन्या तारखेची गल्लत झालीय (प्रश्न ८). आणि जानेवारी-फेब्रुवारीत तो अकराच्या आसपास आला, तर आधी एपॅक्ट कोणत्या वर्षाचा घेतलात ते बघा.